पांढरं पडलं म्हणजे मेलं असं नाही

लक्षद्वीपचे फोटो कुठेही टाकले की खाली हमखास एक प्रश्न येतो, "आता तिथलं प्रवाळ सगळं मेलं ना?" आणि मग कुणीतरी उत्तर देतं की हो, ग्लोबल वॉर्मिंग, संपलं सगळं, आणि दुसरं कुणीतरी म्हणतं की छे, मी आत्ताच जाऊन आलो, मस्त रंगीबेरंगी आहे, उगाच घाबरवतात लोकांना. दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि उरलेलं अर्धं कुणीच सांगत नाही, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकते. पोस्ट लांबणार आहे.

आधी पांढरं पडतं म्हणजे काय होतं ते. प्रवाळ हा प्राणी आहे, दगड नाही आणि झाडही नाही. पॉलिप नावाचे बारीक बारीक जीव, प्रत्येकाला एक तोंड आणि भोवती शेंड्या, असे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि आपल्या खाली चुन्याचा सांगाडा बांधत जातात. त्यांच्या अंगात, अगदी पेशींच्या आत, एक सूक्ष्म शैवाल राहतं. हा असा भाडेकरू आहे की जो घरात राहतो आणि भाड्याऐवजी रोजचा स्वयंपाक करतो. ऊन घेऊन साखर तयार करतो आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतो, प्रवाळाच्या गरजेच्या ९० टक्क्यांपर्यंत ऊर्जा या शैवालाकडून येऊ शकते. प्रवाळाचा तपकिरी, हिरवट, पिवळसर रंग बराचसा या शैवालाचाच.

पाणी नेहमीच्या कडक उन्हाळ्यापेक्षा नुसतं एक डिग्री जास्त तापलं आणि तसंच काही आठवडे राहिलं, की या शैवालाची ऊन पचवण्याची यंत्रणा बिघडते आणि त्यातून पेशींना घातक असा ऑक्सिजन तयार व्हायला लागतो. मग प्रवाळ त्याला बाहेर काढतं. शैवाल गेलं की उरतो तो पारदर्शक जीव आणि त्यातून दिसणारा खालचा पांढराशुभ्र सांगाडा. हेच ब्लीचिंग.

म्हणजे पांढरं दिसणारं प्रवाळ त्या क्षणी जिवंतच असतं, फक्त उपाशी असतं. पाणी लवकर थंड झालं तर शैवाल परत वाढतं आणि काही आठवड्यांत, काही महिन्यांत रंग परत येतो. नाही झालं तर ते भुकेने मरतं, आणि मेल्यावर ते पांढरं राहत नाही! त्याच्यावर आठवड्याभरात, पंधरा दिवसांत शेवाळाची मळकट साय चढते. त्यामुळे फोटोत जे लख्ख पांढरं दिसतं ते अजून वाचू शकणारं असतं, आणि जे नुसतं मळकट, खरखरीत, काहीच खास नाही असं दिसतं ते खरं गेलेलं असतं. हे कळल्यापासून मी रीफचे, म्हणजे प्रवाळाने बांधलेल्या समुद्रातल्या खडकांचे, फोटो बघायची पद्धतच बदलली.

(अंगठीतलं पोवळं हे वेगळं प्रकरण. ते भूमध्य समुद्रातल्या खोल, गार पाण्यातलं लाल प्रवाळ, त्यात हे शैवाल नसतंच.)

२०२४ च्या एप्रिलअखेरीस मी अगत्तीला होते. त्या जानेवारीत पंतप्रधानांचे लक्षद्वीपमधले फोटो आले आणि एकदम सगळ्या देशाला लक्षद्वीपला जायचं होतं, आमच्या सोसायटीतसुद्धा परमिट कसं काढायचं याची चर्चा. कोचीहून छोटं विमान जातं, खिडकीतून खाली बघितलं तर गडद निळ्यात मध्येच फिकट हिरवी-निळी कडी, आणि तिच्या कडेला नारळांनी भरलेली एक चिंचोळी पट्टी, तेच बेट. वरून सगळं इतकं छान दिसतं की खाली काही बिघडलं असेल असं वाटतच नाही.

आमच्याबरोबर स्नॉर्कलिंगला येणारे इक्का (म्हणजे दादा, तिकडे असंच म्हणतात) अगत्तीचेच, पन्नाशीचे, आधी मासेमारी करायचे. मोडक्या हिंदीत त्यांनी होडीतच सांगितलं की यंदा पाण्यात उतरलं तरी अंग गार होत नाही. खरंच, लगूनमध्ये, म्हणजे रीफच्या आतल्या उथळ पाण्यात, उतरले तर आंघोळीला काढलेलं पाणी निवत आलंय असं कोमट लागत होतं. आणि खाली फांद्या फांद्यांचं प्रवाळ, ज्याला ॲक्रोपोरा म्हणतात, ते अख्खंच्या अख्खं पांढरं. काही झुपके तर चक्क निऑन जांभळे आणि निळे झालेले. आमच्यातल्या एकजण खूश होऊन अंगठा दाखवायला लागल्या की किती सुंदर! ते सुंदर दिसतंच, पण शैवाल गेल्यावर अंगावर थेट पडणाऱ्या उन्हापासून वाचायला काही प्रवाळं जे रंग तयार करतात ना, ते रंग ते. समुद्रफूल, म्हणजे सी ॲनिमोन, तेही पांढरं पडलं होतं, त्यात क्लाउनफिश मात्र नेहमीसारखे शिरत बाहेर येत होते. मोठ्या शिंपल्यांच्या अंगातही असंच शैवाल असतं, तेही मधोमध फिके पडलेले.

एका पांढऱ्या फांदीच्या मी अगदी जवळ गेले, हात न लावता, मास्क जेमतेम वीतभर अंतरावर. आणि तिथे पॉलिप दिसत होते. काचेसारखे पारदर्शक, इवल्या शेंड्या थोड्या बाहेर आलेल्या, पाण्याबरोबर हलणाऱ्या. जिवंत. मला तेव्हा काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही, पण वर आले आणि इक्कांना पहिला प्रश्न विचारला की पाऊस कधी येतो इथे. ते म्हणाले, केरळाबरोबरच, जूनच्या सुरुवातीला, कधी दोन दिवस आधी.

कारण तिथे सगळा हिशोब पावसाचा असतो. एप्रिल-मे मध्ये अरबी समुद्राचा हा दक्षिणेकडचा भाग जगातल्या सगळ्यात गरम पाण्यांपैकी एक होतो, आणि मग मान्सून येतो, ढग ऊन अडवतात, वारा पाणी ढवळतो, खालचं गार पाणी वर येतं. म्हणजे आपण शेतावर उभं राहून जे ढग बघतो ना, तेच ढग तिथे प्रवाळाला वाचवतात. मान्सूनआधीचे ते सहा-आठ आठवडे किती तापतात यावर सगळं ठरतं. शास्त्रज्ञ त्याचं एक माप वापरतात, डिग्री हीटिंग वीक्स. नेहमीच्या सगळ्यात गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा एक डिग्री जास्त आणि ते चार आठवडे, की झाले चार. चारला ब्लीचिंग सुरू होतं, आठला मोठ्या प्रमाणावर मरायला लागतं. अमेरिकेची नोआ संस्था उपग्रहावरून हे रोज मोजते आणि नकाशे सगळ्यांना बघायला खुले असतात, मी उन्हाळ्यात रोज सकाळी बघते. पूर्वी त्यांच्या इशाऱ्यांची वरची पायरी दोन होती. २०२३ च्या उष्णतेनंतर त्यांना तीन, चार आणि पाच अशा नवीन पायऱ्या जोडाव्या लागल्या, पाच म्हणजे वीसच्या वर, जिथे जवळजवळ सगळंच मरू शकतं.

त्या मे महिन्यात कोचीच्या सीएमएफआरआयने, म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, जाहीर केलं की लक्षद्वीपमध्ये गंभीर ब्लीचिंग आहे आणि ऑक्टोबर २०२३ पासून तिथे समुद्री उष्णतेची लाट चालू आहे. ऑक्टोबरपासून! उन्हाळा सुरू व्हायच्या आधीच पाणी तापलेलं होतं. एप्रिल २०२४ मध्येच नोआने जगातलं चौथं मोठं ब्लीचिंग चालू असल्याचं जाहीर केलं होतं. पहिलं १९९८, दुसरं २०१०, तिसरं २०१४ ते २०१७. चौथ्यात जगातल्या रीफपैकी ८४ टक्के क्षेत्राला ब्लीचिंग होण्याइतकी उष्णता सोसावी लागली, ८० हून जास्त देशांत. एवढं मोठं आधी कधीच झालं नव्हतं.

इथपर्यंत बातम्यांत येतं. पुढचं मात्र क्वचित येतं आणि मला खरं तर तेच सांगायचंय.

लक्षद्वीपची रीफ आपल्या देशातल्या सगळ्यात जास्त काळ अभ्यासलेल्या रीफपैकी आहे. म्हैसूरची नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन नावाची संस्था, त्यातले रोहन आर्थर आणि त्यांचे सहकारी १९९८ पासून तिथे त्याच त्याच जागी परत परत बुडी मारून मोजतायत. अगत्ती, कदमत, कवरत्ती. या कामाला ग्लॅमर काही नाही, पाण्याखाली टेप पसरायची, किती प्रवाळ, किती शेवाळ, किती मोकळा दगड ते लिहायचं, पुढच्या वर्षी परत तेच. पण अशा कामाशिवाय आपल्याला काही म्हणजे काही कळलं नसतं. २०२५ मध्ये त्यांनी २४ वर्षांचा हिशोब मांडला. रीफच्या तळावर १९९८ मध्ये जिवंत प्रवाळ सुमारे ३७ टक्के होतं, २०२२ मध्ये १९ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे अर्धं. आणि हे २०२४ च्या आधीचं.

आता यातली जरा विचार करायला लावणारी गोष्ट. त्या २४ वर्षांत तीन मोठे तडाखे बसले, १९९८, २०१० आणि २०१६, तिन्ही एल निन्योच्या, म्हणजे प्रशांत महासागर तापतो त्या वर्षांच्या, वेळचे. उष्णता दर वेळी वाढतच गेली तरी मरण्याचं प्रमाण मात्र दर वेळी कमी होत गेलं! म्हणजे प्रवाळ टणक होतंय? एका अर्थाने हो. जी नाजूक होती, झपाट्याने वाढणारी, फांद्यांची, ती पहिल्या तडाख्यातच गेली, आणि जी उरली ती सोसणारी, घुमटासारखी, हळू वाढणारी. काही ठिकाणी शैवालाचा प्रकारही जास्त उष्णता सोसणारा असतो. पण याच संस्थेच्या २०१८ च्या एका पेपरात दुसरी बाजू स्पष्ट मांडलीय की सोसण्याची ताकद वाढली तशी भरून येण्याची ताकद घटली. जे पटकन वाढून जागा भरून काढायचे तेच उरले नाहीत. फांद्यांचं प्रवाळ वर्षाला दहा सेंटिमीटर किंवा जास्तही वाढू शकतं, घुमटाचं प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटिमीटर. मग तुम्हीच विचार करा.

आणि नव्या हिशोबातली सगळ्यात महत्त्वाची ओळ, निदान माझ्यासाठी, ही की तडाखा बसल्यावर पहिली साधारण सहा वर्षं भरून येणं फारच हळू चालतं, आणि सहा वर्षं ब्लीचिंगशिवाय गेली की मग वेग धरतं. सहा वर्षं! आधीची वर्षं वाया जात नाहीत, पण ती तयारीत जातात. मेलेल्या फांद्या मोडून त्यांचा चुरा होतो, तो लाटांबरोबर इकडेतिकडे लोळत राहतो आणि लोळत्या खडीवर बाळ प्रवाळाला पाय रोवता येत नाही. तो चुरा हळूहळू बसायला लागतो, गुलाबी कवचासारखं एक शैवाल त्याला सांधून टाकतं, आणि प्रवाळाची पिल्लं, जी आधी पाण्यात तरंगत असतात, ती त्या गुलाबी थरावर उतरणं पसंत करतात. मग ती नखाएवढी होतात, मुठीएवढी होतात, आणि मग कुठे नुसत्या डोळ्याला दिसतं की अरे, इथे काहीतरी वाढतंय.

१९९८ नंतर पुढचा तडाखा २०१० ला, मध्ये बारा वर्षं मिळाली. २०१० नंतर सहाच वर्षं. २०१६ नंतर आठ.

म्हणून कुणी मला विचारलं की प्रवाळ बरं होतं का, तर मी म्हणते हो, होतं, छान होतं, त्याला सवड मिळाली तर. जगभरातलं हेच चित्र आहे. टेरी ह्यूज हे प्रवाळाचे अभ्यासक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये जगातल्या शंभर रीफचा आढावा घेतला, तेव्हा दिसलं की १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एका ठिकाणी दोन मोठ्या ब्लीचिंगमध्ये पंचवीस-तीस वर्षं जायची, आता साधारण सहा. सहा ही सरासरी आहे, म्हणजे कित्येकांना तेवढीही मिळत नाहीत.

बरं होण्याचं एक उदाहरण मला फार आवडतं, ऑस्ट्रेलियाच्या वायव्येला भर समुद्रात, किनाऱ्यापासून अडीचशे किलोमीटरहून दूर, स्कॉट रीफ म्हणून आहे. १९९८ ला तिथलं बहुतेक प्रवाळ गेलं, ९ टक्क्यांवर आलं. जवळपास दुसरी रीफच नाही, म्हणजे बाहेरून पिल्लं वाहत यायची शक्यता जवळजवळ नाही. सगळ्यांना वाटलं की इथे कित्येक दशकं जातील. आणि बारा वर्षांत ते परत ४४ टक्क्यांवर आलं. कसं? स्वच्छ पाणी, गाळ नाही, सांडपाणी नाही, शेवाळ खाणारे मासे भरपूर. वाचलेल्या थोड्या प्रवाळांनीच सगळं परत उभं केलं. (२०१६ ला ते परत पांढरं पडलं, तेही सांगायला हवं.)

आणि आपल्याच हिंदी महासागरात सेशेल्समध्ये १९९८ नंतर २१ ठिकाणं सतत बघितली गेली, त्यातली १२ सावरली आणि ९ ठिकाणी प्रवाळाऐवजी मोठं शेवाळच कायमचं बसलं. तोच समुद्र, तेच वर्ष, तीच उष्णता. फरक पडला तो पाण्याची खोली किती, सांगाड्यांची उंचसखल रचना किती टिकली, चरणारे मासे किती, पाण्यात खतासारखी द्रव्यं किती यावर.

माशांचं आता सांगते, कारण इथे लक्षद्वीपच्या लोकांचं श्रेय आहे आणि ते कुणी देत नाही.

लक्षद्वीपची मासेमारी म्हणजे मुख्यतः कुपा, म्हणजे टूना. आणि ती जाळ्याने नाही, गळाने! लगूनमधून बारीक जिवंत मासे पकडून आमिष म्हणून न्यायचे, भर समुद्रात कुप्याचा थवा दिसला की ते आमिष टाकायचं, वरून पाण्याचे फवारे मारायचे आणि होडीच्या मागच्या टोकाला ओळीने उभं राहून बांबूच्या काठीने एकेक मासा उचलून होडीत फेकायचा. इक्कांनी हात करून दाखवलं मला, खांद्यापासून सगळं अंग वळतं. मिनिकॉयला हे पूर्वापार होतं, १९६० च्या दशकापासून सरकारने ते बाकीच्या बेटांवरही नेलं. त्या कुप्याचं उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवून लाकडासारखं कडक मासमीन करतात, ते वर्षभर टिकतं. या सगळ्याचा परिणाम असा की मोठी मासेमारी रीफच्या बाहेर, खोल समुद्रात राहिली आणि रीफवरचे मासे पुष्कळसे शिल्लक राहिले. रीफ वाचवायची म्हणून कुणी हे केलं नव्हतं, पण १९९८ च्या तडाख्यानंतर हेच मासे उपयोगी पडले.

उपयोगी म्हणजे कसे, तर मी ते कानांनी ऐकलंय. नंतरच्या हिवाळ्यात मी परत अगत्तीला गेले. फांद्यांचं प्रवाळ बरंचसं गेलं होतं, आकार तसेच उभे पण अंगावर मळकट तपकिरी लव. घुमटासारखी मोठी पोराइटीस मात्र बरीच परत रंगावर आलेली, एखाद्याच्या माथ्यावर तेवढा मेलेला चट्टा. आणि पाण्यात डोकं घातल्या घातल्या सगळीकडून करकर करकर आवाज. पोपटमासे. त्यांची चोच असते पोपटासारखी, तिने ते दगडावरचं शेवाळ खरवडून खातात, आणि खरवडलेल्या जागी पांढऱ्या जोड रेघा उमटतात. अशा रेघा मेलेल्या प्रवाळावर सगळीकडे होत्या. अशाच एका खरवडून साफ झालेल्या दगडावर, खाचेत, एक नखाएवढं प्रवाळ दिसलं, फिकट तपकिरी, मधोमध खळगा. बहुतेक आधीच्याच एखाद्या हंगामातलं असेल, आणि उन्हाळ्यातून वाचलेलं. मी इक्कांना खूण करून बोलावलं, त्यांनी बघितलं आणि पाण्यातच मान हलवली.

पोपटमासे नसते तर ती जागा शेवाळाने भरली असती आणि त्या पिल्लाला जागाच मिळाली नसती. एवढं साधं आहे ते. आणि म्हणूनच आता लक्षद्वीपमध्ये रीफवरच्या माशांची व्यापारी मासेमारी वाढतेय हे वाचून मला काळजी वाटते. पर्यटक वाढले की ताटात रीफचा मासा मागितला जातो, तिथे गेलात तर कुपा खा, खरंच सांगते, चवीलाही उजवा आहे.

गोब्र्याचं पण थोडं. ऋचा करकरे यांनी लक्षद्वीपच्या गोब्र्यांवर, म्हणजे ग्रूपर माशांवर, बरीच वर्षं काम केलंय. बित्रा बेटाजवळ हे मासे ठराविक दिवसांत प्रचंड संख्येने प्रजननासाठी गोळा होतात. त्यांच्या आणि सहकाऱ्यांच्या २०१४ च्या पेपरात दाखवलंय की दीर्घायुषी गोब्र्यांना जिवंत प्रवाळाच्या टक्केवारीपेक्षा रीफची रचना टिकून असण्याची जास्त गरज असते. कपारी, गुहा, आडोसे. म्हणजे मेलेला सांगाडासुद्धा जोवर उभा आहे तोवर कुणाचं तरी घर आहे. पण तो कायम उभा राहत नाही, लाटा आणि पोखरणारे जीव त्याला कुरतडत असतात, आणि नवीन प्रवाळ त्याच वेगाने बांधत नसेल तर भिंत खचत जाते. आणि लक्षद्वीपमध्ये ती भिंत खचणं म्हणजे नुसता माशांचा प्रश्न नाही. ही बेटं समुद्रापासून जेमतेम काही मीटर वर आहेत, दहा बेटांवर मिळून २०११ च्या जनगणनेत साधारण ६४ हजार माणसं राहत होती. मान्सूनच्या लाटा बाहेर फुटतात त्या या भिंतीवर. बंगारमजवळचं परळी नावाचं एक निर्मनुष्य बेट झिजत झिजत पूर्ण पाण्याखाली गेल्याचं २०१७ मध्ये नोंदलं गेलंय.

यावर बरेच जण म्हणतात की मग प्रवाळ लावा ना, झाडं लावतो तसं. लावतात, आणि छोट्या जागी त्याचा उपयोगही होतो. पण फ्लोरिडात काय झालं ते बघा. तिथे कित्येक वर्षं मेहनत घेऊन पाण्याखाली प्रवाळाच्या नर्सऱ्या केल्या होत्या, ॲक्रोपोराच्या दोन जाती परत उभ्या करायचं काम चालू होतं. जुलै २०२३ मध्ये तिथल्या एका उथळ खाडीत पाणी ३८ डिग्रीच्या वर गेल्याची नोंद झाली. लोकांनी अक्षरशः प्रवाळाचे तुकडे उचलून जमिनीवरच्या टाक्यांत नेले. आणि तरी फ्लोरिडा कीजमधली त्या जातींची जवळपास सगळी, ९८ टक्क्यांच्या आसपास, मेली. ज्यांनी दहा-दहा वर्षं ते वाढवलं त्यांचं काय झालं असेल, माझ्याने वाचवत नव्हतं ते. लावण्याला माझा विरोध नाही, उष्णता सोसणारी प्रवाळं निवडून वाढवायचे प्रयोग तर व्हायलाच हवेत, पण लावलेलंही त्याच पाण्यात राहणार आहे.

ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफबद्दलही दोन्ही बाजूचे लोक आपापल्या सोयीचं वर्ष उचलतात. २०२२ मध्ये तिथल्या सरकारी सागरी संस्थेने सांगितलं की उत्तर आणि मध्य भागात ३६ वर्षांतलं सगळ्यात जास्त प्रवाळ आहे, लगेच काहीजण म्हणाले बघा, काही झालेलं नाही. पण ती वाढ मुख्यतः त्याच झपाट्याने वाढणाऱ्या ॲक्रोपोराची होती, जी उष्णतेला सगळ्यात आधी बळी पडते. २०२४ चं ब्लीचिंग, त्यात चक्रीवादळं, प्रवाळ खाणाऱ्या काटेरी तारामाशांचा उपद्रव, आणि २०२५ च्या अहवालात उत्तर आणि दक्षिण भागात मोजणी सुरू झाल्यापासूनची एका वर्षातली सगळ्यात मोठी घट. दोन्ही आकडे खरे आहेत. चढणं खरं, पडणं खरं, आणि हे वरखाली होण्याचे झोके मोठे व्हायला लागलेत.

हे सगळं दूरचं वाटत असेल तर पुण्यात पाषाणला आयआयटीएम ही हवामानावर संशोधन करणारी संस्था आहे, तिथल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या टीमचं काम बघा. हिंदी महासागर १९५० ते २०२० या काळात साधारण १.२ डिग्रीने तापला. समुद्री उष्णतेच्या लाटेचे दिवस १९७० ते २००० मध्ये वर्षाला सरासरी वीसेक असायचे, उत्सर्जन असंच चालू राहिलं तर या शतकाच्या शेवटी ते २२० ते २५० होतील असा त्यांचा अंदाज आहे. वर्षातले आठ महिने. तिथे सहा वर्षांची सवड कुठून आणायची?

आणि आपल्या मालवणला पण प्रवाळ आहे! हे अजूनही कित्येकांना माहीत नसतं. माझं आजोळ तिकडचं, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर घुमटासारखी, पापुद्र्यासारखी पसरणारी प्रवाळं आहेत, १९८७ पासून तिथे सागरी अभयारण्य आहे. गोव्यातल्या एनआयओच्या, म्हणजे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या, संशोधकांनी मालवणलाही ब्लीचिंग नोंदवलेलं आहे, २०१५ च्या सुमारास. पाणी गढूळ असल्याने तिथे ऊन कमी पोचतं आणि त्याचा प्रवाळाला थोडा आसरा मिळतो असं काही अभ्यासकांचं म्हणणं आहे. पण तिथे उष्णतेच्या बरोबरीने माणसांचा त्रास आहे. होडीचा नांगर थेट प्रवाळावर टाकलेला मी स्वतः बघितलाय, आणि पोहता न येणाऱ्या पर्यटकाला "इथे उभे राहा" म्हणून प्रवाळावरच उभं केलेलं पण बघितलंय. माशांना ब्रेड-बिस्किटं टाकणं तर सर्रास. माझा मामेभाऊ होडी चालवतो, तो आता नांगर वाळूतच टाकतो आणि गिऱ्हाइकाला आधी सांगतो की पाय खाली टेकवायचा नाही. परवा फोनवर म्हणाला, "गो ताई, यंदा पाणी लय तापला असा, पाऊस लवकर येवक व्हयो." तिकडे इक्का आणि इकडे हा, दोघांचं एकच.

विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाची, पाण्याखाली वीसेक मीटरवर पसरलेलं पठार आणि त्यावर प्रवाळ. किनाऱ्याचा गाळ, सांडपाणी तिथवर पोचत नाही, पाणी स्वच्छ. स्कॉट रीफसारखी परिस्थिती आपल्या दारात आहे, तिला संरक्षण मिळायला हवं, यासाठी आवाज उठवणाऱ्या लोकांना मी मनापासून साथ देते.

कारण स्थानिक काळजीने समुद्र थंड होत नाही हे खरंच आहे, त्याला कोळसा आणि तेल जाळणं कमी करण्याशिवाय दुसरा उपाय नाही, आयपीसीसीने, म्हणजे हवामानबदलावरच्या संयुक्त राष्ट्रांच्या शास्त्रज्ञ-गटाने, २०१८ मध्येच सांगितलं की तापमानवाढ १.५ डिग्रीवर थांबली तरी ७० ते ९० टक्के प्रवाळ रीफ जातील आणि दोन डिग्रीला ९९ टक्क्यांहून जास्त. पण जे १० ते ३० टक्के राहतील ते कुठले, हे बऱ्याच अंशी नांगर कुठे पडतो, सांडपाणी कुठे जातं, पोपटमासे किती उरतात यावर ठरणार आहे. त्या टक्क्यांत लक्षद्वीप असावं, मालवणचा तुकडा असावा, एवढी माझी इच्छा आहे आणि मला ती अवाजवी वाटत नाही.

२०२४ मध्ये सहा मिळवले की २०३० येतात. तोवर दर मे महिन्यात मी ते नकाशे बघणार आहे आणि जमेल तसं अगत्तीला जाणार आहे.

एक विनंती आहे. तुमच्यापैकी कुणी, किंवा तुमच्या घरातलं कुणी, नोकरीच्या निमित्ताने, तटरक्षक दलात, बँकेत, पोस्टात, शाळेत, १९९८ च्या आधी लक्षद्वीपला राहिलेलं असेल आणि लगूनचे, ओहोटीला उघड्या पडलेल्या रीफचे जुने फोटो कपाटात असतील, किंवा मालवणचे असतील, तर स्कॅन करून मला पाठवाल का? मागे तारीख आणि जागा लिहिलेली असेल तर फारच उत्तम, नसली तरी चालेल.